आपले फोटो कोण काढतं?

वाढत्या लोकसंख्येवर लेख छापायचा असला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना एकच फोटो सापडतो. गजबजलेला बाजार, पाठमोऱ्या बुरख्यातल्या बायका, शेजारी दोन-तीन मुलं. एकदा न राहवून मी एका संपादकांना फोन केला. म्हटलं, "साहेब, लेखात मुसलमानांचा उल्लेखही नाही, मग फोटो आमचाच का?" ते म्हणाले, "अहो, फाइल फोटो आहे. पानावर बरा दिसतो."

माझी अम्मी बुरखा घालते. उद्या तिचाच असा पाठमोरा फोटो छापून आला, तर मी, तिचा मुलगा, तिला ओळखणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे. फोटो माणसाची ओळख पटवण्यासाठी असतो. आमच्या बाबतीत तो ओळख पुसायला वापरला जातो.

"दुसरे फोटो मिळत नाहीत," ही सबब तर मुळीच चालणार नाही. ढाक्यात शहिदुल आलम यांनी 1989 साली 'दृक' ही छायाचित्रसंस्था काढली आणि 1998 साली 'पाठशाला'. आपल्या देशाचे फोटो बाहेरून आलेल्यांनीच का काढायचे, हा त्यांचा सवाल होता. त्याच पाठशालेत शिकलेल्या तसलीमा अख्तर कापड कारखान्यांतल्या कामगारांबरोबर आधीपासून काम करत होत्या. 24 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली, तेव्हा ढिगाऱ्यात एकमेकांना मिठीत घेऊन गेलेल्या दोघांचा फोटो त्यांनी काढला. त्यांच्या लेखी ते निव्वळ आकडे नव्हते.

आपल्या दानिश सिद्दिकीचं काय? जामियात शिकलेल्या या मुलाला रोहिंग्यांच्या फोटोंसाठी रॉयटर्सच्या सहकाऱ्यांसह 2018 चं पुलित्झर मिळालं. 2021 मध्ये दिल्लीत कोरोनाने मेलेल्यांच्या चिता त्याने दाखवल्या, तर त्याच्या धर्मावरून त्याला शिव्या मिळाल्या. त्याच वर्षी 16 जुलैला तो अफगाणिस्तानात मारला गेला आणि शिव्या देणारे तेव्हाही थांबले नाहीत. काश्मीरच्या सना इर्शाद मट्टू हिला 2022 चं पुलित्झर जाहीर झालं, तर ते घ्यायला निघालेल्या तिला, व्हिसा आणि तिकीट हातात असताना, दिल्ली विमानतळावर अडवण्यात आलं. फोटो नाहीत असं नाही. ते काढणारे नको आहेत.

हे दुखणं एकट्या मुसलमानांचं नाही. मुंबईच्या सफाई कामगारांना सुधारक ओलवे यांनी माणूस म्हणून दाखवलं, तमिळनाडूत एम. पलानी कुमार तेच करतो आहे. वस्तीत राहून, नावं विचारून, पुन्हा पुन्हा जाऊन काढलेला फोटो वेगळा दिसतोच.

आता थोडं घरातलं बोलू. आपल्या मोहल्ल्यात एखाद्या मुलीने कॅमेरा मागितला की लगेच "तसवीर हराम आहे" हे आठवतं. हजच्या पासपोर्टवर फोटो चालतो, निकाहचा व्हिडिओ चालतो, जलशात मौलानांचं भाषण मोबाईलवर घेतलेलं चालतं. मग हराम नेमकं काय, फोटो की मुलीच्या हातातला कॅमेरा? उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत, ते मी नाकारत नाही. पण ज्यांना खरोखर वर्ज्य वाटतं त्यांनी आधी स्वतःचा फोन बाजूला ठेवावा. आपण आपल्या मुलींना अडवणार आणि वर पेपरवाल्यांनी आपल्याला चुकीचं दाखवलं म्हणून रडणार, हे दोन्ही एकत्र जमणार नाही.

संपादकांना माझी मागणी साधी आहे. तो फाइल फोटो काढून टाका. आमच्या वस्तीतल्या पोरा-पोरींना काम द्या, त्याचे पैसे द्या आणि फोटोखाली त्यांचं नाव छापा. आणि आई-बापांनो, पुढच्या ईदला मुलीने कॅमेरा मागितला, तर ईदी म्हणून तोच द्या. तिला पहिला फोटो आपल्या अम्मीचा काढू द्या, समोरून.