पाच तारे आणि पन्नास तास

2025 च्या दिवाळीत मी इंदूरला धाकट्या बहिणीकडे गेले होते. दिवाणखान्यात एका बाजूला फराळाचे डबे आणि दुसऱ्या बाजूला भाचीची पुस्तकं, अशी सरळ वाटणी झालेली होती. भाची बारावीत. डॉक्टर व्हायचं, हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न. त्यासाठी 'नीट'ची परीक्षा द्यावी लागते, हे आता घराघरांत ठाऊक आहे. मोठ्या क्लासची फी मेहुण्यांच्या पगाराला झेपणारी नव्हती. त्यामुळे मुलीची सगळी भिस्त पुस्तकांवर.

टेबलावर सराव-पेपरांचं एक जाडजूड पुस्तक होतं. मुखपृष्ठावर ठळक आकड्यांत 2026. "मावशी, याला साडेचार तारे आहेत. नऊ हजार लोकांनी अभिप्राय दिलेत!" भाचीने मोठ्या कौतुकाने मोबाईलवर दाखवलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा मुलगा फराळाला आला. त्याने त्याच वर्षी मे महिन्यात ही परीक्षा दिली होती. चकली खाता खाता त्याने पुस्तक चाळलं आणि मध्येच थांबला. "अगं, पण आमचा पेपर असा नव्हताच!" म्हणाला. धावत वर जाऊन त्याने जपून ठेवलेली आपली प्रश्नपत्रिका आणली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याच्या पेपरात 180 प्रश्न होते, सगळे सोडवायचे आणि वेळ 3 तास. पुस्तकातल्या प्रत्येक पेपरात 200 प्रश्न, त्यांतले 180 सोडवायचे आणि वेळ 3 तास 20 मिनिटं. म्हणजे 2022 ते 2024 या तीन वर्षांतली पद्धत. 2025 च्या परीक्षेपासून पर्यायी प्रश्न काढून टाकल्याचं त्या वर्षीच्या जानेवारीतच जाहीर झालं होतं. मुखपृष्ठ बदललं, आतला मजकूर तसाच राहिला!

भाचीने तोवर पंधरा पेपर सोडवले होते. एकेक 200 मिनिटांचा. हिशेब केला तर बरोबर पन्नास तास. पुस्तकाच्या सातशे रुपयांचं एवढं वाईट वाटलं नाही, पण त्या पन्नास तासांत पोरीला एक सवय जडली होती. प्रत्येक विभागातल्या शेवटच्या पंधरा प्रश्नांपैकी सोपे दहा निवडायचे आणि अवघड पाच सोडून द्यायचे. आता सोडून द्यायची सोयच उरली नव्हती.

बहिणीने कपाळाला हात लावला. "ताई, एवढ्या लोकांनी चांगलं म्हटलं. सगळे खोटं बोलले का गं?"

भाची खाली मान घालून म्हणाली, "आई, त्या नऊ हजारांत एक अभिप्राय माझाही आहे."

पुस्तक घरी आलं त्याच दिवशी तिने लिहिलं होतं: 'वेळेत मिळालं. कागद छान आहे. नीटसाठी उत्तम.' आणि पाच तारे!

अभिप्राय नेमका कशाचा?

माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सगळे खोटं बोलत नाहीत. बरेच जण खरंच सांगतात, पण पुस्तकाविषयी नव्हे, पार्सलाविषयी. मिक्सर घेतला तर दोन दिवसांत चटणी वाटून तो कसा आहे ते कळतं. परीक्षेच्या पुस्तकाचं तसं नाही. ते चांगलं की वाईट, हे परीक्षा देऊन आल्यावरच कळायचं. पण दुकानाचा संदेश येतो तो पार्सल हातात पडल्यावर: 'वस्तू कशी वाटली?' माणूस दोन शब्द लिहून मोकळा होतो. सहा महिन्यांनी पेपर देऊन आल्यावर पुन्हा तिथे जाऊन लिहिणारा विरळाच.

म्हणून अभिप्राय वाचताना पहिला प्रश्न विचारा: हे लिहिणाऱ्याने पुस्तक वापरलं आहे का? 'खात्रीशीर खरेदी' अशी खूण नावापुढे असते, तिचा अर्थ एवढाच की त्याने पैसे मोजले. पुस्तक वाचलं, असा नव्हे. 'पॅकिंग उत्तम', 'छपाई सुबक', 'मुलाला आवडलं' असे अभिप्राय बाजूला काढले, तर हजारांतून हाती थोडेच उरतात. पण तेच कामाचे.

वाईट अभिप्रायांनाही हाच नियम लावा. 'पानं सुटली', 'अक्षरं पुसट' असं कुणी लिहिलं असेल, तर दोष लेखकाचा असेलच असं नाही. गाजलेल्या पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रती बाजारात फिरतात आणि एखादा विक्रेता तीच प्रत गळ्यात मारतो. अशा वेळी पुस्तक नव्हे, विक्रेता बदलावा लागतो.

जुन्या पुण्याईवर नवी आवृत्ती

दुसरी गोष्ट तारखेची. खरेदीच्या अनेक संकेतस्थळांवर एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचे, कधी निरनिराळ्या भाषांतल्या प्रतींचेही अभिप्राय एकाच खात्यावर जमा होतात. 2022 मधल्या विद्यार्थ्यांनी मनापासून दिलेले तारे आज आलेल्या आवृत्तीच्या नावापुढे झळकतात. इंग्रजी पुस्तकाचं कौतुक वाचून मराठी अनुवाद मागवला आणि त्यातली भाषा पोराला कळेनाशी झाली, तर दोष कुणाला द्यायचा?

परीक्षांच्या बाबतीत तर जुना अभिप्राय फार लवकर शिळा होतो. 'नीट'चंच बघा. 2024 च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रम बदलला. रसायनशास्त्रातले सॉलिड स्टेट, पॉलिमर, हायड्रोजन असे धडे गेले. 2025 मध्ये पेपराची रचना बदलली. इंजिनीअरिंगच्या 'जेईई मेन' परीक्षेतही 2025 पासून पर्यायी प्रश्न गेले आणि 90 ऐवजी 75 प्रश्न आले. आपल्या महाराष्ट्रात राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेला वस्तुनिष्ठ प्रश्नांऐवजी वर्णनात्मक उत्तरं आणायचं ठरलं, तेव्हा 2023 च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तो बदल 2025 वर गेला. त्या मुलांच्या रागामागे एक व्यवहारही होता. वर्षानुवर्षं एका पद्धतीने केलेला अभ्यास आणि त्यासाठी जमवलेली पुस्तकं एका निर्णयाने जुनी होणार होती. आता विचार करा, बदलाच्या आधी त्या पुस्तकांना मिळालेले तारे नंतरच्या विद्यार्थ्याच्या काय कामाचे?

तेव्हा सरासरी तारे बघूच नका. 'नवे आधी' असा क्रम लावा आणि शेवटच्या परीक्षेनंतर लिहिलेलं तेवढंच वाचा.

विकतचे तारे

आता खोट्या अभिप्रायांविषयी. ते असतात, आणि ते ओळखण्याच्या काही खुणाही आहेत. महिनोन्महिने सामसूम आणि मग तीन-चार दिवसांत पाच ताऱ्यांचा पाऊस. निरनिराळ्या नावांखाली तीच ती वाक्यं. कुकरलाही लागू पडेल आणि पुस्तकालाही, असं गुळमुळीत कौतुक. लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याचे इतर अभिप्राय दिसतात. त्याने एकाच दिवशी साडी, चार्जर आणि भौतिकशास्त्र अशा सगळ्यांना पाच तारे दिले असतील, तर काय ते समजावं. हल्ली तर असा मजकूर यंत्राकडून क्षणात लिहून मिळतो, त्यामुळे शुद्ध आणि लांबलचक भाषा ही खरेपणाची खूण राहिलेली नाही.

कधी पार्सलातच एक चिठ्ठी निघते: 'पाच तारे द्या, फोटो पाठवा आणि पन्नास रुपये मिळवा.' अशी चिठ्ठी निघाली, की बाकीचे तारे कुठून आले असतील याचा अंदाज बांधता येतो.

कायद्याने याची दखल घेतली आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालावर अभिप्राय लिहिता येत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं. लिहिणारा खरा माणूस आहे याची पडताळणी कशी करावी, अभिप्राय कसे तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत, हे त्यात सांगितलं आहे. मात्र ते आलं तेव्हा ऐच्छिक होतं. अमेरिकेतही खोटे अभिप्राय विकण्या-घेण्यावर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर 2024 मध्ये लागू झाला. यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो वापरून क्लासवाल्यांनी ग्राहकांची दिशाभूल करू नये, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. गुणवत्ता यादीतला मुलगा हातात पुस्तक धरून हसतो आहे म्हणजे तो त्याच पुस्तकामुळे पहिला आला, असं होत नाही. तेच पुस्तक वाचून मागे राहिलेल्यांचा फोटो कुणी छापत नाही.

हे नियम उपयोगी आहेत. पण भाचीचा अभिप्राय कोणत्याही नियमाने अडला नसता. तो खरा होता, तिने स्वतः लिहिला होता आणि कुणी पैसेही दिले नव्हते. तरी त्याने पुढच्या माणसाची दिशाभूलच केली. म्हणून मी म्हणते, खोट्यापेक्षा घाईच्या अभिप्रायाला जास्त जपा.

मग वाचायचं तरी काय?

पाच तारे आणि एक तारा ही दोन्ही टोकं सोडा. दोन, तीन आणि चार तारेवाल्यांकडे वळा. तिथे तोलून-मापून बोलणारी माणसं भेटतात. 'जीवशास्त्र उत्तम, भौतिकशास्त्राची उदाहरणं फार सोपी', 'अमुक पेपराच्या उत्तरसूचीत चार चुका आहेत', 'उत्तरं दिली आहेत, पण स्पष्टीकरण नाही'. असं एक वाक्य शंभर ताऱ्यांपेक्षा मोलाचं, कारण ते तुम्हाला पडताळून बघता येतं. तीच चूक दोघा-तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितली असेल, तर ती खरी धरायला हरकत नाही.

लिहिणारा कोण, तेही बघा. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्याला जे पुस्तक 'अगदी प्राथमिक' वाटतं, ते अकरावीतल्या मुलाला नेमकं हवं असतं.

घरच्या घरी परीक्षा, पुस्तकाची

पूर्वी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, दिल्लीच्या नई सडकेवर किंवा कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर आपण दुकानाच्या फळीशी उभं राहून पुस्तक चाळत असू. जाणता दुकानदार म्हणे, 'हे नको, त्यात जुना अभ्यासक्रम आहे.' ती दुकानं आजही आहेत आणि जवळ असतील तर जरूर जा. घरबसल्या मागवलं, तर दुकानदाराचं काम आपल्याला करावं लागेल. फार वेळ लागत नाही, एक तास पुरे. मात्र हा तास पुस्तक परत करण्याच्या मुदतीत काढा आणि तोवर पुस्तकावर नाव घालू नका.

आधी मुखपृष्ठ उलटा आणि आतल्या पानावरचं प्रकाशनाचं वर्ष बघा. 'सुधारित आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत फरक आहे. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला.

मग परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रम आणि शेवटच्या परीक्षेचा पेपर उतरवून घ्या. पैसे पडत नाहीत. प्रश्नांची संख्या, वेळ आणि गुण पुस्तकातल्या पेपराशी जुळतात का, ते बघा. हे तर आई-वडीलही करू शकतात, त्यासाठी भौतिकशास्त्र यावं लागत नाही.

त्यानंतर खऱ्या पेपरातले वीस प्रश्न निवडा आणि मुलाला सांगा, 'यांतल्या किती प्रश्नांची तयारी या पुस्तकातून झाली असती?' शेवटी पुस्तकातली कोणतीही पाच उत्तरं शाळेच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. पाचांत दोन चुकली, तर पुस्तक सरळ परत पाठवा. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

आणखी एक. 'नीट'साठी पाया म्हणून शिक्षक ज्या एनसीईआरटीच्या पुस्तकांचं नाव आधी घेतात, ती त्या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. ती पक्की झाल्याशिवाय ताऱ्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. भाची शेजारच्या मुलाची प्रश्नपत्रिका समोर ठेवून, तीन तासांचा गजर लावून बसली होती. निघताना तिने मला मोबाईल दाखवला. आपला जुना अभिप्राय तिने बदलला होता. 'मुखपृष्ठावर 2026 आहे, पण आतले पेपर 200 प्रश्नांच्या जुन्या पद्धतीचे आहेत. काढून टाकलेल्या धड्यांवरचे प्रश्नही त्यात आहेत. घेण्यापूर्वी तपासा.' तारे दोन.

"आणि मेमध्ये परीक्षा झाली ना मावशी, की उरलेल्या पुस्तकांवरही लिहिणार आहे," ती म्हणाली. "तेव्हाच खरं कळेल."

आपल्या घरातही परीक्षा देऊन आलेलं कुणी असेल, तर त्याला एवढं काम जरूर सांगा. त्याची दहा मिनिटं जातील, पण दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचे पन्नास तास वाचतील.