झटपट वीस की सावकाश दहा?

मित्रांनो, मैदानावर जोर काढायची पैज लागली की काय होतं? एकजण धडाधड वीस जोर काढून टाळ्या घेतो. दुसरा सावकाश दहाच काढतो, घामाघूम होतो आणि सगळे त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून चिडवतात. पण खरंच कच्चा कोण?

चला, घरीच प्रयोग करू. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली हातात धरा. कोपरात हात वाकवून ती नेहमीच्या वेगानं 10 वेळा वर-खाली करा. दोन मिनिटं थांबा. आता मनात चार अंक मोजत वर न्या, चार मोजत खाली आणा. तेही 10 वेळा. जड वाटली ना? उद्या क्रम उलटा करून पाहा.

गंमत अशी, की बाटली तीच, उंचीही तीच. मग दमायला का झालं? अहो, आपला स्नायू म्हणजे काही टेबल नव्हे! टेबल बाटली वर्षभर तोलून धरेल. स्नायूंतले बारीक तंतू मात्र वजन तोलताना सतत एकमेकांना पकडत, खेचत, सोडत असतात. यात शक्ती खर्च होते. सावकाश उचललं, की हे काम जास्त वेळ चालतं. झटक्यात उचलताना सुरुवातीच्या हिसक्यावर पुढचं थोडं अंतर फुकटात पार पडतं. भरभर जोर काढताना तर ताणलेल्या कंडराही रबरासारखी उसळी देतात.

म्हणजे वेग वाईट का? मुळीच नाही. उंच उडी, गोळाफेक यांना वेग हवाच. पण स्नायू जितक्या वेगानं आखडतो, तितका त्याचा जोर कमी पडतो, हे ए. व्ही. हिल या शास्त्रज्ञानं 1938 मध्ये दाखवून दिलं. म्हणूनच जड वस्तू भरकन उचलता येत नाही. आणि म्हणूनच दमल्यावर शेवटचे जोर आपोआप मंदावतात. तसं झालं, की समजा, आजच्यापुरतं पुरे!

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी श्रम मोजायला 6 ते 20 अशी पट्टी केली. 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे अगदी कमाल. तुम्हीही वहीत जोरांच्या आकड्याशेजारी हा आकडा लिहा. आई-बाबांनो, ‘किती काढलेस?’ याबरोबर ‘कसे काढलेस?’ हेही जरूर विचारा.

आणि त्या दहावाल्याला आता चिडवू नका. त्याच्याइतके सावकाश, छाती पुरती खाली नेऊन, श्वास न कोंडता काढून दाखवा बरं!