कंपनी खरंच शिकते का? सर्टिफिकेटं मोजून कळत नाही

सध्या बऱ्याच आयटी कंपन्या एआयचं ट्रेनिंग किती जणांनी पूर्ण केलं ते अभिमानाने सांगतात. पण व्हिडिओ म्यूटवर पळवून सर्टिफिकेट मिळतं. मीही मिळवलंय!

कंपनी शिकते की नाही, हे चूक झाल्यावर कळतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसचा डेटा डिलीट झाला. बॅकअपची एकही पद्धत नीट चालत नव्हती. सुमारे ६ तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. नंतरच्या अहवालात त्या इंजिनिअरवर खापर फोडलं नाही. बॅकअप तपासायची जबाबदारी कोणाकडेच नव्हती, हे मूळ कारण जाहीर मांडलं.

पहिल्या नोकरीत मी एक चूक दोन तास लपवली होती. नुकसानापेक्षा मॅनेजरची भीती जास्त होती. त्या दोन तासांत नुकसान मात्र वाढलं.

म्हणून इंटरव्ह्यूमध्ये मी आता विचारतो, ‘मागची मोठी चूक झाल्यावर तुमच्याकडे काय बदललं?’ उत्तरात बदलाऐवजी कोणाला काढलं हेच आलं, तर तुम्हीच ठरवा.

आणि तुम्ही टीममध्ये सीनियर असाल, तर पुढच्या मीटिंगमध्ये स्वतःची चूक आधी सांगा. ज्युनिअर आपोआप बोलू लागतील.