अपटुडेट कोण?

कडक इस्त्रीचे कपडे घातलेल्या माणसाला आपण 'अपटुडेट' म्हणतो. इंग्रजीत मात्र याचा अर्थ 'आजच्या तारखेपर्यंतचा' असा आहे. 'तारीख' हा शब्द तर उर्दूत आणि मराठीत एकच आहे. दुकानदार रोजचा जमाखर्च रोज लिहितो. आपली माहितीही तशीच पुरी करावी लागते. तुमच्या वडिलांनी शाळेत नऊ ग्रह पाठ केले असतील. पण २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्लूटोला बटुग्रह ठरवले. आता ग्रह आठच आहेत. आजारपणात शाळा बुडाली, तर मागे काय शिकवले ते गुरुजींना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. बेखबर राहण्यात आहे. कपडे साधे चालतील, माहिती शिळी नको!