तूर हिरवीगार, पण शेंगच नाही!

तूरडाळ महागली की मेसच्या वरणात पाणी वाढतं, हे आपल्याला लगेच कळतं. पण माण-खटाव किंवा जत-आटपाडीसारख्या कोरडवाहू पट्ट्यात तुरीला वांझ रोग लागला, तर त्याची बातमी क्वचितच होते. पानं बारीक आणि फिकट पडतात, झाड झुडपासारखं माजतं, पण फूल येत नाही. रोग रोपावस्थेतच लागला, तर त्या झाडाची शेंग विसरायची.

या रोगाची पहिली नोंद १९३१ची, बिहारमधल्या पुसाची. साध्या डोळ्यांना न दिसणारे कोळी वाऱ्यावरून तो पसरवतात, हे १९६०च्या दशकात समजलं. आणि खरा गुन्हेगार, म्हणजे विषाणू, सापडायला २००० साल उजाडलं. जवळपास ७० वर्षं!

तोवर शास्त्रज्ञ हातावर हात ठेवून बसले नव्हते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये १९७०च्या दशकात भन्नाट युक्ती निघाली. रोगट पान कोवळ्या रोपाच्या पानाला चक्क स्टेपलरने टाचायचं. कोळी रोपावर जातात, रोग लागतो. जे रोप तरीही ठणठणीत राहील, ते पैदाशीसाठी निवडायचं. १९९३ला आलेली 'आशा' आणि जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राची 'बीएसएमआर ७३६' हे वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक. उलट 'मारुती' मर रोगाला पुरून उरते, पण वांझ रोगापुढे टिकत नाही.

मग प्रश्न सुटला? नाही. एक तर विषाणूचे प्रकार वेगवेगळे. हैदराबादकडच्या प्रकाराला दाद न देणारे कितीतरी वाण बंगळूरकडच्या प्रकारापुढे मान टाकतात. म्हणजे चाचणी त्या-त्या भागातच व्हायला हवी. दुसरं, मधमाश्यांमुळे तुरीत परपरागीभवन होतं. घरचंच बी वर्षानुवर्षं पेरलं, तर शेजारच्या वाणाशी संकर होऊन प्रतिकारशक्ती हळूहळू हरवते. त्यात बांधावर राहिलेली खोडव्याची तूर उन्हाळ्यात कोळ्यांना आणि विषाणूला आसरा देते.

म्हणून नुसता नवा वाण जाहीर होऊन भागत नाही. त्याचं शुद्ध बियाणं दर काही वर्षांनी दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्यापर्यंत पोचतंय का, हे महत्त्वाचं. ॲग्रीवाल्या दोस्तांनो, कार्यानुभवासाठी गावात जाल, तेव्हा एवढं नक्की विचारा : दादा, हे तुरीचं बी कुठलं आणि किती वर्षांपूर्वी आणलेलं?