मुंबईचे रिकामे सभागृह

मुंबई कोणा एका जातीधर्माने उभारलेली नाही. कोळी, पाठारे प्रभू, पारशी, बोहरी, गुजराती आणि घाटावरून आलेला गिरणीकामगार, या सर्वांच्या श्रमाने सात बेटांचे हे नगर झाले. परस्परांशी फारसे न पटणाऱ्या या मंडळींना एकत्र बसून भांडण्याची सोय 1872 च्या कायद्याने लाभली. मताधिकार मूठभर करदात्यांचाच होता, हे खरे. तथापि फिरोजशहा मेहतांसारखा पुरुष तेथे अधिकाऱ्यांस जाब विचारीत असे.

तेच सभागृह 7 मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षे रिकामे राहिले! मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असा घटनेचा स्पष्ट दंडक आहे. प्रभागरचनेचे आणि आरक्षणाचे वाद न्यायालयात होते, ही सबब आम्हांस पुरेशी वाटत नाही. सातपुड्यातील मोलगीच्या ग्रामसभेला पेसा कायद्याने 1996 पासून गावाच्या योजनांवर बोलण्याचा अधिकार दिला आहे (तो कितपत पाळला जातो, हा प्रश्न वेगळा). मुंबईकराला मात्र तुंबलेल्या नाल्यासाठी दार ठोठावण्यास नगरसेवक उरला नव्हता. 2023 ते 2025 चे अर्थसंकल्प तयार केले आयुक्तांनी, आणि प्रशासक म्हणून मंजूर केले तेही त्यांनीच. अखेर 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. नव्या नगरसेवकांनी त्या तीन वर्षांच्या खर्चाचा हिशेब सभागृहात प्रथम मागावा.