कणगीतले सारे चुलीपाशी नको



मंगळवेढ्याची मालदांडी कितीही चांगली असली, तरी सारी कणगी कोणी चुलीपाशी ओतीत नाही. आठवड्यापुरती काढून दळायला देतो. मोबाईलमधील गूगल ड्राइव्हचेही तसेच आहे. सातबारा, पासबुक, डाळिंबाच्या फवारणीच्या वहीचे फोटो आणि लग्नाचे फोटो एकत्र असले, की बँकेत नेमका कागद सापडत नाही. म्हणून असे करावे :

१) शेती, बँक, घर असे तीन फोल्डर करा. नेहमीच्या फोल्डरला तारा द्या. ‘तारांकित’मध्ये तेवढेच दिसतील.

२) रानात रेंज नसते. जरुरीच्या फाइलीपुढील तीन ठिपके दाबून ती घरीच ऑफलाइन करून ठेवा.

३) मोबाईलची जागा भरल्यास ऑफलाइनची खूण काढा, फाइल डिलीट करू नका. खूण काढली तरी कागद कणगीत राहतो. डिलीट केलेला कागद ट्रॅशमध्ये जातो आणि ३० दिवसांनी कायमचा नाहीसा होतो.

फुकट मिळणाऱ्या १५ जीबी जागेत ई-मेल व फोटोही मोजले जातात. निर्यातीच्या डाळिंबाला फवारणीची नोंद लागते. ती हरवली, तर वर्षाच्या मेहनतीचा माल दारात अडतो. तेव्हा आजच संध्याकाळी मुलांना जवळ बसवून हे काम उरकून घ्या.